पिकांनी जमीन शुद्ध होते काय?

कापड मळले तर ते धुता येते, विहीर गढूळ झाली तर तिचा उपसा करता येतो. परंतु शेतजमीनच बिघडली तर ती कशाने धुवावयाची? हा प्रश्न जुना आहे. गेल्या चार दशकांत शास्त्रज्ञांनी त्याला एक मोठे मोहक उत्तर सुचविले आहे. ते असे की, जमिनीत शिरलेले विष वनस्पतींकडूनच शोषून घ्यावे, पीक कापावे, आणि विष शेताबाहेर न्यावे. सूर्यफुलाची शेते लावून जमीन स्वच्छ केल्याच्या हकीकती आपण अधूनमधून वाचतो, आणि वाचून बरे वाटते. शेतीवर जगणाऱ्या आपल्या वऱ्हाडाला तर अशा वार्तेचे आकर्षण वाटावे हे साहजिकच आहे. या उत्तराची आज थोडी फोड करावी, आणि मग अमरावती-अकोल्याच्या वावरांत ते कितपत चालते ते पाहावे, असा माझा विचार आहे. मात्र फोड करताना एक प्रश्न आपण सतत हाताशी ठेवू: झाडाने काढलेले विष अखेर गेले कुठे?

हा प्रश्न विचारण्याचे कारण धातूंच्या स्वभावात आहे. शेतात मेलेले जनावर पडले, सांडपाणी शिरले, किंवा एखादे कीटकनाशक अधिक फवारले गेले, तरी ती घाण बहुधा कालांतराने कुजते, तिचे रेणू मोडतात आणि तिचे विषारीपण सरते. शिसे, कॅडमियम, पारा, निकेल, क्रोमियम हे जड धातू मात्र मूलद्रव्ये आहेत. ती कुजत नाहीत, जळत नाहीत, आणि कोणताही जंतू त्यांना मोडू शकत नाही. शिशाचा कण आज मातीत आहे तर शंभर वर्षांनीही तो शिशाचाच कण राहणार. त्याचा नाश करता येत नाही. त्याची जागा तेवढी बदलता येते, किंवा आहे त्या जागी त्याला जखडून ठेवता येते. सोमल, म्हणजे आर्सेनिक, हे काटेकोरपणे धातू नव्हे, पण या बाबतीत त्याची वागणूक तशीच असल्यामुळे त्यालाही याच पंक्तीला बसवतात.

आता वनस्पती धातू खातात हे खरे काय? खरे आहे, आणि काही वनस्पती तर ते आवडीने खातात म्हणावयास हरकत नाही. जर्मनीच्या सरहद्दीवर आखेन शहराच्या आसपास जस्ताच्या जुन्या खाणी आहेत. त्या परिसरातील माती इतकी जस्तयुक्त की सामान्य गवतही तेथे नीट वाढत नाही. पण काही रानटी रोपे तेथेच जोमाने फुलतात. १८८५ साली बाउमान नावाच्या शास्त्रज्ञाने त्यांची राख तपासली, तेव्हा तीत जस्ताचे प्रमाण विलक्षण निघाले. याहून नवलाचे झाड पॅसिफिक महासागरातील न्यू कॅलेडोनिया बेटावर आहे. त्याच्या सालीला चीर दिली की निळसर हिरवा चीक वाहतो. हा रंग निकेलचा. १९७६ साली या झाडाची तपासणी प्रसिद्ध झाली, तेव्हा वाळलेल्या चिकाच्या वजनात शेकडा २५ भाग निकेल असल्याचे दिसून आले. हे झाड कोणी परके समजू नये. आपल्या मेळघाटातील मोह आणि बागेतला चिकू ज्या कुळातले, त्याच कुळातले ते आहे. २००१ साली फ्लोरिडात एक नेचा असा सापडला की जो मातीतील आर्सेनिक उपसून आपल्या पानांत साठवितो. हा नेचा आपल्या देशातही जुन्या ओलसर भिंतींच्या विटांतून उगवलेला दिसतो.

अशा वनस्पतींना आपण धातुसंचयी म्हणू. त्या असे का करतात याबद्दल निरनिराळी मते आहेत. पाने विषारी झाली म्हणजे किडी आणि अळ्या त्यांना तोंड लावीत नाहीत, हे त्यातले एक बऱ्यापैकी पटणारे मत. ते काही असो. १९८३ साली अमेरिकन कृषिशास्त्रज्ञ रूफस चेनी यांनी सुचविले की, या निसर्गाच्या लहरीचा उपयोग करून घ्यावा आणि दूषित जमिनीवर अशी रोपे पीक म्हणून घ्यावीत. तेव्हापासून या विद्येचा विस्तार झाला.

पण शेतकऱ्याने कोणतीही युक्ती स्वीकारण्यापूर्वी हिशेब करावा, आणि या युक्तीचा हिशेब अवघड नाही. एक हेक्टर, म्हणजे अडीच एकर जमीन घ्या. तिचा वरचा वीतभर थर सुमारे २० लाख किलो वजनाचा भरतो. त्यात किलोमागे ३ मिलिग्रॅम कॅडमियम जास्तीचे आहे असे धरा. हे प्रमाण ऐकायला क्षुल्लक, पण सगळ्या हेक्टरचे मिळून ते ६ किलो होते. आता एखाद्या पिकाने हेक्टरी १० टन वाळला पाला दिला, आणि त्या पाल्यात किलोमागे २० मिलिग्रॅम कॅडमियम उतरले, तर एका पिकाबरोबर २०० ग्रॅम बाहेर जाते. सहा किलोंसाठी तीस पिके लागली. म्हणजे आजोबांनी सुरुवात करावी आणि नातवाने जमीन शुद्ध झाल्याची पेढेवाटणी करावी असा हा प्रकार! जी रानरोपे याच्या कितीतरी पट धातू शोषतात ती अंगाने खुजी असतात, पाला थोडा देतात. आणि जी पिके पाला भरपूर देतात ती धातू थोडा घेतात. या विद्येतली सारी धडपड या दोन टोकांची गाठ घालण्यासाठी आहे.

ती गाठ घालण्याच्या प्रयत्नांत आपल्या फोडणीतल्या मोहरीला मोठी कीर्ती मिळाली. १९९० नंतरच्या दशकात अमेरिकेतील न्यू जर्सी संस्थानात संशोधकांना असे आढळले की, भारतीय मोहरीचे पीक शिसे बऱ्यापैकी शोषते. तथापि शिसे मातीच्या कणांना इतके घट्ट चिकटलेले असते की मुळांना ते सुटे मिळतच नाही. म्हणून त्यांनी जमिनीत ईडीटीए नावाचे रसायन सोडले. हे नाव आपल्या संत्रा बागाईतदारांना अपरिचित नसावे. कृषी केंद्रात ‘चिलेटेड झिंक’ म्हणून जो पुडा मिळतो, त्यात धातूला कवेत घेणारे रसायन पुष्कळदा हेच असते. त्याने शिशाला मातीपासून सोडविले, आणि मोहरीच्या पानांत शिशाचे प्रमाण कितीतरी पटींनी वाढले. येथे आपला प्रश्न विचारावयास हवा. सुटलेले शिसे सगळेच मोहरीने खाल्ले काय? नाही. मोहरीने थोडे घेतले आणि उरलेले पाण्याबरोबर खाली झिरपू लागले. मातीत निजलेले विष जागे करून त्याला विहिरीची वाट दाखविण्यासारखे ते झाले, आणि पुढे या पद्धतीचा बोलबाला ओसरला.

सूर्यफुलांचेही असेच. चेर्नोबिलच्या १९८६ सालच्या अपघातानंतर तेथील तळ्याच्या पाण्यावर सूर्यफुले तरंगती ठेवून किरणोत्सारी द्रव्ये शोषविण्याचा प्रयोग बरा साधला. पण तो पाण्यातला प्रयोग होता. २०११ साली फुकुशिमाच्या अपघातानंतर जपानी लोकांनी तोच उपाय शेतजमिनीवर मोठ्या आशेने करून पाहिला, तेव्हा सूर्यफुलांनी उचललेला भाग अगदीच नगण्य निघाला. पाण्यात मोकळे असलेले द्रव्य आणि चिकणमातीने धरलेले द्रव्य यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे, हे लक्षात घेतल्यावाचून वर्तमानपत्रातली छायाचित्रे पाहू नयेत.

म्हणून ही विद्या निष्फळ आहे असे मात्र मी म्हणणार नाही. जपानच्याच तोयामा जिल्ह्यातील जिन्झू नदीचे उदाहरण पाहा. तिच्या उगमाकडील कामिओका येथे जस्त-शिशाची खाण होती. खाणीचे कॅडमियम नदीत, नदीचे पाणी भातखाचरांत, आणि भात माणसांच्या पोटात, अशी ती साखळी. मूत्रपिंडे निकामी होऊन हाडे इतकी ठिसूळ होत की नुसत्या खोकल्यानेही मोडावीत. रुग्णांत वयस्क स्त्रिया अधिक. त्या वेदनेने जो आक्रोश करीत त्यावरूनच रोगाला ‘इताई-इताई’ हे नाव पडले. आपल्याकडे त्यांनी ‘आई गं, आई गं’ म्हटले असते. १९६८ साली जपान सरकारने हा रोग खाणीच्या प्रदूषणाने होतो हे अधिकृतपणे मान्य केले. पुढे तेथील आठशेहून अधिक हेक्टर खाचरांत दूषित माती खाली गाडून वर स्वच्छ माती पसरण्याचे काम सुरू झाले आणि ते २०१२ साली संपले. तीसहून अधिक वर्षे आणि अफाट पैसा! जपानसारख्या धनवान राष्ट्रालाही हे सर्वत्र परवडणारे नव्हते. म्हणून जेथे प्रदूषण मध्यम आहे तेथे त्यांनी कॅडमियम अधिक शोषणारी भाताची एक जात लावून पाहिली. खाचरातले पाणी काढून टाकून हे भात दोन हंगाम घेतले, तेव्हा हेक्टरी ८८३ ग्रॅम कॅडमियम निघाले, मातीतील प्रमाण शेकडा ३८ नी घटले, आणि त्यानंतर घेतलेल्या खाण्याच्या भातातील कॅडमियम जवळजवळ निम्म्यावर आले. हा निकाल प्रामाणिक आणि उपयोगी आहे. तो का साधला? एक तर प्रदूषण फार नव्हते. आणि दुसरे, पाणी काढल्यावर त्या जमिनीत कॅडमियम सुटे होते.

मग त्या दोन हंगामांच्या पेंढ्याचे काय करावयाचे? तो गुरांना घालता येत नाही, खत करता येत नाही. जाळावा तर बंदिस्त भट्टीत, आणि राख पुन्हा सांभाळून ठेवावी लागते. हा मुद्दा परदेशचा म्हणून सोडून देऊ नये. अकोल्याच्या मोर्णा नदीतील जलपर्णी काढण्यासाठी २०१८ च्या जानेवारीत हजारो नागरिक नदीत उतरले होते, ते आपणा सर्वांस ठाऊक आहे. जलपर्णी ही धातू शोषण्यात मोठी पटाईत वनस्पती आहे. शहराच्या सांडपाण्यात धातू असतील तर ते तिच्या मुळांत साठणार. अशी जलपर्णी काठावर कुजू दिली तर साठलेले पुन्हा नदीत जाते. तिचे खत केले तर ते भाजीच्या वाफ्यात जाते. मोर्णेच्या जलपर्णीत धातू आहेतच असे मी म्हणत नाही. खत करण्यापूर्वी एकदा तपासून घ्यावी, एवढेच म्हणणे आहे. तपासणीला खर्च फार नाही, आळस मात्र आड येतो.

धातू खेचून घेण्याऐवजी त्याला जागच्या जागी जखडण्याचा जो दुसरा मार्ग, त्याचे उत्तम उदाहरण आपल्या विदर्भातच आहे. नागपूर जिल्ह्यात सावनेर तालुक्यात गुमगाव येथे मँगनीजची खाण आहे. खाणीतून उपसलेल्या दगडमातीचे ढिगारे उजाड पडून राहत. वारा त्यांची धूळ उडवी, पाऊस त्यांची माती नाल्यात आणि शेतात वाहून नेई. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, जिला आपण ‘नीरी’ म्हणतो, या ढिगाऱ्यांवर झाडे जगविण्याचा प्रयोग केला. नुसते खड्डे करून रोपे लावली असती तर ती मेली असती. त्यांनी खड्ड्यात साखर कारखान्यातील मळीसारखे सेंद्रिय द्रव्य घातले, मुळांशी सख्य करणारी बुरशी आणि नत्र स्थिर करणारे जिवाणू रोपांना दिले, आणि साग, शिसव, निंब अशी आपल्या ओळखीची झाडे लावली. ती जगली आणि ढिगारे हिरवे झाले. धातू तेथेच आहे, पण सेंद्रिय द्रव्याने आणि मुळांनी त्याला धरून ठेवले आहे. धूळ उडत नाही आणि माती वाहत नाही. ‘विष गेले कुठे’ याचे उत्तर येथे ‘कोठेच नाही, आणि तेच हवे होते’ असे आहे. मला स्वतःला हा मार्ग शोषून घेण्याच्या मार्गापेक्षा अधिक भरवशाचा वाटतो. मात्र तो पडीक जागेसाठी ठीक. पिकाऊ वावरात साग लावून शेतकऱ्याचे पोट भरत नाही.

आता आपल्या काळ्या जमिनीकडे येऊ. रासायनिक खतांतील स्फुरदाबरोबर येणारे किंचित कॅडमियम, शहरांच्या नाल्यांवर पिकणारी भाजी, मोडलेल्या बॅटऱ्या, पारसच्या वीजकेंद्रासारख्या ठिकाणची कोळशाची राख, ही जड धातू येण्याची दारे आपल्याकडेही आहेत. त्यांवर नजर ठेवावीच. पण वऱ्हाडच्या मातीत या धातूंना आवर घालणारा एक गुण आहे. ती चुनखडीयुक्त आहे, तिचा सामू आठच्या वर असतो, आणि अशा मातीत शिसे, जस्त, कॅडमियम घट्ट बसून राहतात. वरूड-मोर्शीच्या संत्रा बागाईतदाराला हे पुस्तकावाचून कळते. मातीत जस्त असूनही त्याच्या झाडाची पाने पिवळी पडतात, आणि त्याला जस्ताची फवारणी करावी लागते. झाडाला हवे असलेले जस्त जी माती सोडत नाही, तीच माती नको असलेले शिसेही सोडीत नाही. आर्सेनिक आणि क्रोमियमची काही रूपे याला अपवाद आहेत. तात्पर्य, जड धातू शोषणाऱ्या पिकांना आपल्या मातीत काम थोडे मिळेल आणि ते करणेही जड जाईल.

आपले खरे दुखणे एका हलक्या धातूचे आहे. सोडियम हाही धातूच. सातपुड्याच्या पायथ्यापासून दक्षिणेकडे पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना जो खारपाणपट्टा पसरला आहे, त्याचे क्षेत्र सुमारे ४,७०० चौरस किलोमीटर असून अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांतील नऊशेच्या आसपास गावे त्यात येतात. दर्यापूर, भातकुली, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा, शेगाव, संग्रामपूर ही तालुक्यांची नावे उच्चारली की पुढचे सांगावे लागत नाही. विहिरीला पाणी आहे पण ते खारे. जमीन खोल, काळीभोर, पाहणाऱ्याला सुपीक वाटावी अशी. पण भिजली की साबणासारखी निसरडी आणि वाळली की दगडासारखी कडक. पाऊस पडून गेल्यावर वाफसा येण्याची वाट पाहावी, तर येतो कधी आणि निघून जातो कधी तेच कळत नाही. पेरणी साधली तर साधली.

हे असे का होते? मातीचे चिकण कण ऋणभारित असतात आणि त्यांच्याभोवती कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम यांचे कण बसलेले असतात. कॅल्शियम असला म्हणजे चिकण कण एकमेकांना धरून राहतात, माती भुसभुशीत राहते, पाणी झिरपते. सोडियम शिरला की ती पकड सुटते, कण विखुरतात, छिद्रे बुजतात, आणि पाणी वरच तुंबते. अशा जमिनीला आपण चोपण म्हणतो. सामान्यतः मातीने धरलेल्या अशा कणांत सोडियमचा वाटा शेकडा १५ वर गेला म्हणजे जमीन चोपण झाली असे पुस्तके सांगतात. पण पूर्णाकाठच्या भारी काळ्या मातीत शेकडा ५ च्या पुढेच पाण्याचा निचरा मंदावू लागतो, असे येथील अभ्यासांत दिसून आले आहे. नागपूरच्या मृदा सर्वेक्षण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी याचे जे कारण दिले ते मला फार उद्बोधक वाटते. कोरड्या हवामानात मातीतल्या पाण्यातील कॅल्शियम चुनखडी होऊन खाली बसतो, आणि पाण्यात सोडियमचे राज्य सुरू होते. म्हणजे ज्याने सोडियमला हाकलावयाचे तोच कॅल्शियम दगड होऊन त्याच मातीत पडून आहे!

आता पिकांनी हा सोडियम काढता येईल काय? प्रथम पूर्वीसारखा उपशाचा हिशेब करू. शेकडा १५ सोडियम असलेल्या भारी जमिनीत तो शेकडा ५ वर आणावयाचा, तर हेक्टरी वरच्या वीतभर थरातूनच सुमारे २,३०० किलो सोडियम जावयास पाहिजे. एखाद्या पिकाने ५ टन वाळला पाला दिला आणि त्यात शेकडा एक सोडियम असला, तर एका पिकाबरोबर ५० किलो गेला. शेहेचाळीस वर्षे! कॅडमियमच्या हिशेबाहून हा वाईट. आणि तरीही धैंचा पेरून गाडला की चोपण जमीन सुधारते, हा अनुभव खोटा नाही. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने, जे १९६९ पासून या पट्ट्याच्या उशाशीच आहे, धैंचा आणि बोरू यांचे हिरवळीचे खत आणि जिप्सम यांवर वर्षानुवर्षे प्रयोग केले आहेत, आणि त्यांत जमिनीचा निचरा सुधारल्याचे दिसले आहे. हिशेब जमत नाही आणि अनुभव मात्र खरा. तेव्हा झाड येथे काही निराळेच काम करीत असले पाहिजे.

ते काम असे. मूळ श्वास घेते आणि कर्बवायू सोडते. तो मातीच्या ओलाव्यात विरघळून सौम्य आम्ल बनते, आणि ते आम्ल चुनखडीला लागून तिच्यातील कॅल्शियम मोकळा करते. गाडलेला पाला कुजतानाही हेच घडते, आणि धैंच्यासारखी द्विदल पिके नत्र घेताना मुळांतून आम्लही सोडतात. मोकळा झालेला कॅल्शियम चिकण कणावरच्या सोडियमला उठवून त्याची जागा घेतो. धैंच्याची मुळे खोल जातात. ती कुजली की पाण्याला खाली जाण्यास वाटा राहतात, आणि उठविलेला सोडियम पावसाच्या पाण्याबरोबर त्या वाटांनी निघून जातो. याचा आकडा ऐकण्यासारखा आहे. जमिनीत शेकडा १० चुनखडी असली तर हेक्टरी वीतभर थरात ती २०० टन भरते. आणि ते २,३०० किलो सोडियम उठविण्यासाठी तीतली अवघी ५ टन विरघळली तरी पुरे. जुन्या काळी वऱ्हाडात जमिनीखाली धान्याची पेवे असत. तसे चुन्याचे हे भरलेले पेव प्रत्येक वावरात आहे, आणि मूळ ते उघडून देते. जिप्समही कॅल्शियमच पुरवितो आणि लवकर पुरवितो, पण तेवढ्याच सोडियमसाठी तो साडेआठ टनांवर लागेल, आणि तो विकत आणून वाहून न्यावा लागतो. म्हणून थोडा जिप्सम आणि त्यावर धैंचा ही जोडी शहाणपणाची. (खत कारखान्यातून निघणाऱ्या जिप्सममध्ये जड धातूंचे अंश असू शकतात, एवढे घेताना विचारून घ्यावे.)

झाडाने सोडियम खाल्ला नाही. त्याला उठवून वाटेला लावले. मग तो गेला कुठे? खाली. आणि खाली जर पाण्याला वाटच नसेल, तर तो भूजलात साठून पुन्हा केशाकर्षणाने वर येणार. या पट्ट्यातील गावांना ते खारे पाणी पिण्यावाचून गत्यंतर नव्हते. मूत्रपिंडाच्या विकारांच्या तक्रारी तेथून वर्षानुवर्षे येत आल्या आहेत, आणि वान, शहानूर या धरणांचे गोडे पाणी नळांनी तेथे न्यावे लागले ते याच कारणाने. तेव्हा निचऱ्याचे चर काढल्यावाचून केलेली जमीनसुधारणा अर्धीच होय. विहिरीच्या पाण्याची गोष्ट त्याहून गंभीर. ज्या पाण्यात लिटरमागे ४६० मिलिग्रॅम सोडियम आहे, अशा पाण्याची पाच सेंटिमीटरची एकच पाळी दिली तर हेक्टरी २३० किलो सोडियम वावरात पडतो. पीक सुकताना पाहून हात मोटारीच्या बटनाकडे जातो हे मी समजू शकतो, पण खाऱ्या पाण्याच्या दोन पाळ्या दोन वर्षांच्या धैंच्यावर पाणी फिरवू शकतात. त्याऐवजी पावसाचे गोडे पाणी शेततळ्यात धरून तेवढेच वापरणे बरे.

शेतकरी यावर जे विचारतो ते रास्तच आहे: धैंचा पेरला तर त्या हंगामात खावयाचे काय? जूनमध्ये हेक्टरी चाळीस-पन्नास किलो बी पेरावे, पीक फुलोऱ्यावर येताना, म्हणजे पंचेचाळीस-पन्नास दिवसांनी गाडावे, आणि ओलीवर हरभरा घ्यावा, असा क्रम बसतो. पण त्यात मूग किंवा कपाशी जाते, शिवाय बियाण्याचा आणि ट्रॅक्टरचा खर्च अंगावर पडतो. हा भार दरसाल एकट्या कास्तकाराने उचलावा ही अपेक्षा मला न्याय्य वाटत नाही. सगळे वावर एकदम न गुंतविता दरवर्षी चौथा हिस्सा धैंच्याखाली आणणे हा त्यातल्या त्यात पेलणारा मार्ग. दुसरी अडचण मापाची. २०१५ पासून जमीन आरोग्यपत्रिका मिळू लागली. तीत नत्र, स्फुरद, पालाश, सूक्ष्म अन्नद्रव्ये, सामू, क्षारता अशा बारा गोष्टी असतात. शिसे आणि कॅडमियम तीत नाहीत, आणि चिकण कणांवर सोडियमचा वाटा किती हा आकडाही नाही. सबंध देशासाठी एकच नमुना केल्याचा हा परिणाम. खारपाणपट्ट्याच्या पत्रिकेत या आकड्याचा रकाना असावयास हवा, कारण किती जिप्सम आणि किती वर्षे धैंचा हे त्यावरच ठरते. तोवर तो आकडा आपणच मागून तपासून घ्यावा लागेल.

आणि चर एकट्याने काढून भागत नाही. माझ्या वावरातला चर धुऱ्यापाशी संपला तर माझे खारे पाणी शेजाऱ्याच्या वावरात शिरते. त्याचा चर त्याच्या पुढच्याच्या, असे करीत ते गावनाल्यापर्यंत नेले पाहिजे, आणि त्यासाठी सबंध शिवाराचा एक आराखडा हवा. नाल्याचे पाणी पूर्णेत जाते, पूर्णा चांगदेवापाशी तापीला मिळते, आणि तापीचे पाणी हतनूरच्या धरणात अडून जळगावकडच्या लोकांच्या उपयोगी पडते. म्हणून हे चर पावसाळ्यातच वाहते ठेवावेत, जेव्हा नदीला पूर असतो आणि खार त्यात विरून जातो. उन्हाळ्यात पूर्णेचे पात्र आटलेले असताना त्यांची तोंडे बंद असलेली बरी.